परवानगीनंतरची वर्षं

पर्यावरण मंजुरी म्हणजे प्रकल्प होणार की नाही याचा निकाल, असं बहुतेकांना वाटतं. डहाणूत वाढल्यामुळे माझं मत वेगळं झालं आहे. मंजुरीच्या कागदावर खाली अटी असतात आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं आमच्यासारख्यांना त्या अटींच्या भरवशावर जगायचं असतं.

आमची चिकूची वाडी. डहाणूचं 500 मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. त्याला केंद्र सरकारनं 1989 मध्ये मंजुरी दिली होती. धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा बसवायची, ही त्यातली एक अट. पुढे ती सैल करायच्या हालचाली झाल्या. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये प्रकल्प अडवला नाही, पण परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय या अटीतून सूट देऊ नये, असं बजावलं. केंद्र उभं राहिलं, वीज तयार होऊ लागली, यंत्रणेचा मात्र पत्ता नव्हता.

1991 च्याच जूनमध्ये केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणूसाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. बाबा मला सुनावणीला घेऊन जायचे. वकील, अधिकारी, कंपनीची माणसं आणि त्यांच्याच रांगेत बागायतदार, मच्छीमार, वारली पाड्यांवरचे लोक. बाबांनी एक वही ठेवली होती. कोणत्या आठवड्यात मोहोर गळला, पानांवर काळा थर कधी बसला, तेव्हा वारा कुठून होता, पेट्या किती भरल्या. नुसतं ‘नुकसान झालं’ म्हणून कोणी ऐकत नाही, तारीख सांगितली की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, हे ते अनुभवानं शिकले होते.

प्राधिकरणानं 1999 मध्ये यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. तरी वर्षं गेली. वाडीवर बोलणं निघालं की बाबा गप्प व्हायचे, पण वही थांबली नाही. 2005 मध्ये 300 कोटींची बँक हमी मागितली गेली, तेव्हा कुठे काम हललं, आणि 2007 मध्ये यंत्रणा सुरू झाली. देशातल्या औष्णिक केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर पहिली राष्ट्रीय मर्यादा आली ती डिसेंबर 2015 मध्ये. तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि जुलै 2025 मध्ये बहुतांश केंद्रांची ही यंत्रणा बसवण्याची सक्तीच उठवली गेली. इतरत्र बहुतेक ठिकाणी जे अजून झालं नाही ते आमच्याकडे 2007 मध्ये झालं, कारण विचारणारं कोणीतरी जवळ, नाव-गाव असलेलं होतं. न्यायमूर्ती 2019 च्या जानेवारीत गेले, तेव्हा आमच्या घरी सुतक असल्यासारखं वाटलं.

वही आता माझ्याकडे आहे आणि तिच्या जोडीला सरकारी कागद आले आहेत. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पानं दर 1 जून आणि 1 डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो. हा अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे, अर्ज करणाऱ्या कोणालाही त्याची प्रत मिळाली पाहिजे. आमच्या भागातल्या एका प्रकल्पाचा अहवाल मी मागितला, तर ‘कंपनीकडे विचारा’ असं उत्तर मिळालं. मी अधिसूचनेतला तो परिच्छेद छापून पुढे ठेवला. मग प्रत मिळाली. जवळजवळ प्रत्येक अटीपुढे ‘पालन सुरू आहे’. हरित पट्ट्याच्या अटीखाली झाडांचा फोटो होता. आधीच्या अहवालातही तोच फोटो, त्याच सावल्यांसह. दोन्ही पानं जोडून मी तक्रार पाठवली. झाडं लावली की नाही हे नंतर कोणी पाहायला आलं नाही, याचा मला आजही संताप आहे.

आता डहाणू तालुक्यातलं वाढवण बंदर. याच प्राधिकरणानं 1998 मध्ये इथे बंदर नको असा निर्णय दिला होता, आणि 31 जुलै 2023 ला अटी घालून होकार दिला. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राची पर्यावरण मंजुरीही आली. माझा या बंदराला विरोध होता आणि आहे. पण काम होणारच असेल तर अटींवर पहारा बसलाच पाहिजे. मच्छीमार घरांतली काही मुलं माझ्याकडे येतात. आम्ही मंजुरीपत्र मराठीत करून वाचतो आणि प्रत्येक अटीसमोर दोन गोष्टी लिहितो: हे कोण तपासणार, आणि आपल्याला कशावरून कळणार. जाळ्यात काय आलं, कुठे, कोणत्या भरतीला, हे त्यांनी आतापासूनच लिहायला घेतलं आहे, कारण भराव पडल्यावर ‘आधी काय होतं’ हे सिद्ध करायला दुसरा पुरावा उरणार नाही.

आमची मागणी एवढीच आहे, की दर सहा महिन्यांचा अहवाल डहाणूत, मराठीत, लोकांसमोर मोठ्यानं वाचला जावा, आणि वाचणाऱ्यानं प्रश्न संपेपर्यंत बसून राहावं.