वरून उतरणारं बिट

टेबलाखाली बसवलेल्या राउटरमध्ये बिट खालून डोकावतं आणि फळी त्याला झाकून टाकते. पिन-राउटरची मांडणी उलटी. मोटर वर, लोखंडी बाहूवर. बिट वरून लाकडात उतरतं आणि त्याच्या बरोबर खाली टेबलातून एक खुंटी वर आलेली असते. कामाखाली जोडलेला साचा त्या खुंटीला टेकवून फिरवायचा. साच्याचा आकार वरच्या सागवानात उतरतो. खाच पडताना समोर दिसते, हे या यंत्राचं मोठं सुख. मला धास्तीही त्याचीच वाटते, कारण दिसतंय म्हटलं की हात नकळत पुढे सरकतो.

त्यातून दिशेचा घोळ. वरून पाहिलं तर हे बिट घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. म्हणून फळीची कड टेकवायची सरळ गाईड बिटाच्या पलीकडे असेल तर फळी डावीकडून उजवीकडे सारायची. खालच्या राउटरवर मुरलेल्या हातांना नेमकी उलटी सवय असते. चुकीच्या बाजूने सारलं तर बिट फळी ओढून घेतं, आणि बोटं फळीवरच असतात. आमच्याकडे टेबलावर खडूने बाण काढल्याशिवाय बटण दाबायचं नाही. जुन्या मिस्त्रींनाही सूट नाही.

बिटाची निवडही इथे बदलते. भुसा वर फेकणारं पिळाचं बिट फळीलाही वर, मोटरकडे उचलतं. खाली दाबणारं बिट फळी टेबलावर बसवून ठेवतं, पण खाचेत भुसा कोंबतं, तापतं. अशा वेळी मी एका फेरीत तीन-चार मिलिमीटरच खोल जातो आणि मधे खाच साफ करतो. वेगाचंही तेच: 50 मिलिमीटर व्यासाचं बिट मिनिटाला 22,000 फेऱ्यांवर सोडलं तर त्याची धार सेकंदाला 57 मीटरहून जास्त वेगाने धावते. इतक्या मोठ्या बिटाला 10,000च्या आसपास ठेवावं.

तरी माझा खरा जीव साच्यात. खुर्चीच्या पाठीसाठी मी साचा कामापेक्षा बराच मोठा ठेवतो, दोन्ही टोकांना मुठी बसवतो आणि काम टॉगल क्लॅम्पने आवळतो. स्क्रू लागलाच तर बिटाच्या वाटेबाहेर. मूठ धरली की अंगठा बिटापासून किमान वीतभर लांब राहिला पाहिजे. नाही राहिला तर साचा पुन्हा करायचा. लहान तुकडा तर हातात धरूच नये. मोठ्या फळीवर खाच मारून मग तो कापून घ्यावा.

काम संपल्यावर घाई होते ती इथे: आधी बिट वर, मग मोटर बंद, ती पूर्ण थांबली की मगच साचा खुंटीवरून उचलायचा. शिकाऊ मुलाला मी आधी साचाच करायला लावतो. बिट न लावता, बंद यंत्रावर त्याने तो खुंटीभोवती पूर्ण फिरवून दाखवायचा. मी त्या वेळी फक्त त्याचे अंगठे बघत असतो.