हक्कसोडपत्र

मनमाडच्या रेल्वे चाळीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना भारताच्या विविधतेवर व्याख्यान ऐकण्याची गरज पडत नाही. हैदराबादकडे जाणारा निजामाचा लोहमार्ग येथूनच फुटला. नांदेडच्या हुजूर साहिबला निघालेले शीख यात्रेकरू आमच्या गावी उतरत, गुप्तसर साहिब गुरुद्वाऱ्यात विसावत. तेथील लंगरात आम्ही कितीदा तरी पंगतीला बसलो आहोत. आमच्या एका बाजूला तेलुगू बोलले जाई, पलीकडे उर्दू. नाताळात आईच्या करंज्यांची ताटे बौद्ध शेजाऱ्यांकडे जात, ईदला शीरखुर्मा आमच्याकडे येई. ताट रिकामे परत करायचे नाही, हा चाळीचा अलिखित धर्म होता.

या साऱ्याचा आम्हांला आजही अभिमान वाटतो. परंतु एका बाबतीत ही भिन्न भिन्न घरे विलक्षण सारखी होती, हे उमगायला आम्हांला पन्नाशी गाठावी लागली. बापाच्या माघारी लेकीचे नाव उताऱ्यावर येऊ न देण्यात कोणत्याही धर्माचे घर मागे नव्हते.

आमचेही नव्हते. आई आधीच गेली होती. १९९० साली वडील गेले. गावाकडचे घर आणि चार एकर जिरायत आम्हां दोघा भावांच्या नावे करायची, म्हणून थोरल्या अक्काला सासरहून बोलावून घेतले. ती धाकट्या मुलीचा हात धरून आली. "कुठं सही करायची, बाळा?" एवढेच तिने विचारले. राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना हक्क सोडीत आहे, असे कागदावर लिहिले होते. दडपण खरोखरच कोणी आणले नव्हते. भावांशी वाकडे आले की माहेर तुटते, हे तिला कोणी सांगावे लागत नव्हते. परतताना आम्ही तिला साडी घेतली आणि रंग तिनेच निवडावा असा आग्रह धरला. त्या आग्रहाची आज सहीपेक्षाही अधिक लाज वाटते.

कायदा आमच्या बाजूचा नव्हता. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने आम्हां ख्रिस्ती कुटुंबांत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे. केरळातील भगिनींना तेवढेही नव्हते. त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्यानुसार मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेच मिळे. मेरी रॉय यांनी दाद मागितली आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अन्याय संपवला. सभांतून आम्ही त्यांचे नाव गौरवाने घेत असू. अक्काची सही झाली ती त्यानंतर चारच वर्षांनी.

विविधतेचे कौतुक करणारा माणूस शेजाऱ्याच्या चालीरीतींना सहसा हात लावीत नाही. ते सौजन्यच आहे. पण त्या सौजन्याच्या आडोशाला प्रत्येक घर आपली चूक 'आमच्यात असेच असते' म्हणून सुखाने सांभाळीत राहते, आणि करंज्यांबरोबर हक्कसोडपत्रही संस्कृतीच्या ताटात जाऊन बसते.

खुद्द या गावाने तरी आम्हांला शिकवायला हवे होते. १९३८ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत बोलले. त्याच बाबासाहेबांनी १९५१ साली, प्रामुख्याने हिंदू संहिता विधेयक रखडले म्हणून, मंत्रिपद सोडले. मुलीचा वारसाहक्क हा त्या विधेयकाचा कळीचा भाग होता. पुढे १९८६ च्या नोव्हेंबरात शेजारच्या चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. छातीवर बिल्ला लावलेल्या बायकांचे लोंढे आमच्या फलाटावर उतरताना आम्ही पाहिले. काही वर्षांत शरद जोशींच्या 'लक्ष्मीमुक्ती'च्या हाकेला ओ देऊन कित्येक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. (बायकोच्या, बहिणीचे नाव काढले की पुरोगामी घरातही चहा थंड होतो.)

आणि धर्माने काय कमी सांगितले? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली स्त्रीच्या प्रतिष्ठेवर प्रेषितीय पत्र लिहिले. त्याहून फार प्राचीन साक्ष गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. सलाफहादच्या पाच मुली मोशे आणि साऱ्या मंडळीपुढे उभ्या राहून बापाचे वतन मागतात आणि परमेश्वर त्यांचे म्हणणे रास्त ठरवितो. मात्र त्यांना भाऊ नव्हता. अक्काला दोन होते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही वकिलाकडे गेलो. जुना कागद मोडणे आता कठीण. आमच्या वाट्यातून बक्षीसपत्र करून देता येईल, असे कळले. भावाची मुले राजी नाहीत. आमच्याकडील दोन एकरांतून तिचे सत्तावीस गुंठे निघतात, तेवढे तरी द्यायचे ठरवून आम्ही तिच्या घरी गेलो. तिने सारे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग पदराने चष्मा पुसत विचारले, "कागद केला, तरी नाताळाला मला न्यायला येशील ना, बाळा?"