शेपटाचं वजन

चंद्रपूरसारख्या सागवानाच्या जिल्ह्यात राहून बाहेरून लाकूड मागवतो, हे आमच्या घरात अजून कुणाच्या गळी उतरलेलं नाही. बल्लारपूरच्या आगारातल्या सागाचं नाव देशभर आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड इथूनच गेलं. आणि मी पार्सलने मागवतो बाल्सा, म्हणजे इक्वाडोरकडचं पांढरं, नख दाबलं तरी खड्डा पडेल असं लाकूड, तेही फळी न् फळी ग्रॅममध्ये तोलून. सागाचा एक घनफूट तुकडा अठरा किलोच्या घरात जातो, चांगल्या बाल्साचा चार-साडेचार किलोत आटोपतो. ओळखीचे सुतारकाका ती फळी हातात घेतात, वर-खाली करतात आणि न बोलता परत ठेवतात. त्यांच्या लेखी ते लाकूडच नव्हे.

मी लढाऊ विमानांची मोठी मॉडेल्स बांधतो आणि रेडिओवर उडवतो. सध्याचं मॉडेल हॉकर हरिकेनचं, चौथाई मापाचं. सिडनी कॅम यांनी आखलेलं हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडालं. आपल्या वायुसेनेच्या पहिल्या स्क्वाड्रनने १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत हीच विमानं वापरली, आणि त्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते अर्जन सिंग. दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात एक हरिकेन उभं आहे. मी तिथे गेलो की इतर मंडळी तोफा बघतात, मी शेपटाकडचं कापड बघत बसतो. कारण हरिकेनचं मागचं धड पत्र्याचं नाही. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी कमानी, त्यावर लांब पट्ट्या आणि वरून ताणलेलं कापड. मॉडेल बांधणारा माणूस जे करतो तेच कारखान्यात मोठ्या मापात केलेलं. स्पिटफायर जास्त देखणं, हे मान्य. पण मला हरिकेन जवळचं.

आता गणित. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत १२.१९ मीटर, माझे दहा फूट. लांबी, रुंदी, उंची तिन्ही चौथाई झाल्या की वजन चौसष्टावा हिस्सा व्हायला हवं, म्हणजे तीन टनांचे सुमारे ४७ किलो. पण पंखांचं क्षेत्रफळ फक्त सोळावा हिस्सा होतं. त्यामुळे ४७ किलोचं मॉडेल हवेत टिकायचं तर खऱ्याच्या निम्म्या वेगाने पळालं पाहिजे, आणि चौथाई आकाराची वस्तू निम्म्या वेगाने गेली की बघणाऱ्याला ती दुप्पट घाईत दिसते. मॉडेल खऱ्यासारखं, म्हणजे भारदस्त, सावकाश वळताना दिसायला हवं असेल तर ते हलकं पाहिजे. माझं अठरा किलोंच्या आसपास आहे. या छंदातली सगळी मेहनत या उलट्या हिशेबापायी आहे: वजन जितकं काढावं तितकं विमान हवेत जड दिसतं.

आणि काढायचं कुठून, तर शेपटाकडून. हरिकेनचं नाक आखूड. खऱ्या विमानाच्या नाकात सहाशे किलोंवरचं मर्लिन इंजिन होतं, म्हणून त्याचा तोल बसायचा. माझ्या नाकात शंभर-सव्वाशे सीसीचं पेट्रोल इंजिन, तीन-चार किलोंचं. तोलाचा बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून थोडा मागे. तिथून शेपूट दीड मीटर लांब, नाक जेमतेम अर्धा मीटर. म्हणजे शेपटात एक ग्रॅम घातला की नाकात तीन ग्रॅम शिसं ओतावं लागतं. उभ्या शेपटाला रंगाचा एक हात जास्त बसला, तरी त्याची किंमत नाकात मोजावी लागते. माझ्या टेबलावर किचनचा डिजिटल काटा कायम असतो. एलेव्हेटरच्या बिजागऱ्या, त्यांचे खिळे, डिंकाचा थेंबसुद्धा त्यावरून जातो. सर्व्हो, म्हणजे रडर-एलेव्हेटर हलवणारे छोटे मोटर, शेपटात बसवले तर काम सोपं होतं, पण मी ते पंखांच्या जवळ ठेवतो आणि मागे फक्त दोर नेतो. कार्बनच्या नळ्या मिळतात, महाग आहेत, शेपटासाठी घेतो; बाकी ठिकाणी नाही.

याच वजनाच्या मागे लागून मी बुरडाकडे पोचलो. बांबूचा चंद्रपूर-गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांशी संबंध वेगळा सांगायला नको. बल्लारपूरचा कागद कारखाना त्याच्यावर चालला, मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २०११ मध्ये आपल्या जंगलातल्या बांबूवरचा हक्क मिळवला, चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. मला हव्या होत्या धडावरून लांब जाणाऱ्या बारीक कामट्या. बाल्साच्या पट्ट्या कापडाच्या ताणाने आत दबतात आणि विमान उपाशी दिसतं. माझ्याच गल्लीच्या टोकाला सुपं विणणाऱ्या म्हाताऱ्याला मी माप दिलं, तीन मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड. त्याने पट्टीकडे पाहिलंच नाही. बांबूचं पेर उभं धरलं, कोयत्याने चीर दिली आणि मग हत्यार बाजूला ठेवून दोन्ही अंगठ्यांनी ती चीर पुढे चालवली. एका बाजूची कामटी जाड व्हायला लागली की तो जाड बाजू जास्त वाकवायचा; चीर आपोआप तिकडे सरकायची. मी आतून आणि बाहेरून दोन्हीकडून घासायला पॉलिशपेपर काढला तेव्हा मात्र त्याने हात धरला. ‘‘पाठ सोलू नोका जी, जीव तिच्यातच रायते.’’ बरोबरच आहे. बांबूचे तंतू बाहेरच्या सालीलगत सगळ्यात दाट असतात, आतला गर नुसता भरणा. आता मी आतली बाजू घासतो, पाठ तशीच ठेवतो, आणि गाठ येईल तिथे खाली कमान येईल असं बघतो. या कामट्या बाल्सापेक्षा जड आहेत, पण निम्म्या जाडीत भागतात.

कापडाच्या बाबतीत आपला प्रदेश मला उपयोगी पडला नाही. आरमोरी, नागभीडकडे टसर होतं. रेशीम ताणून त्याला डोप, म्हणजे कापड घट्ट करणारं रोगण, लावायची पद्धत जुनी, जगभरचे जुने लोक ती वापरत. टसर लावलेला रडर उन्हात काय सुंदर दिसतो! सुताच्या गाठी जुन्या तागाच्या कापडासारख्या उठून येतात. पण ते डोप पितं. थरावर थर दिले तरी छिद्रं बुजत नाहीत आणि काटा वर सरकत राहतो. रडर म्हणजे शेपूट, आणि शेपटाचा भाव तिप्पट. तो रडर आता बैठकीच्या खोलीत भिंतीवर आहे आणि विमानाला पॉलिस्टरचं इस्त्रीने बसणारं कापड आहे. देखणेपणा आणि उडणं यांत भांडण लागलं की मी उडण्याच्या बाजूने निकाल देतो.

रंगाचंही तसंच. ब्रह्मदेशातल्या हरिकेनवर वरून गडद हिरवा आणि मातकट रंग असायचा, जंगलावरून जाताना दिसू नये म्हणून. तो रंग फार प्रामाणिकपणे काम करतो, माझ्याविरुद्धसुद्धा. झाडांच्या रेषेखाली विमान आलं की पंख कुठला वर, कुठला खाली हे दोनशे मीटरवरून कळेनासं होतं. म्हणून वळण नेहमी आभाळाच्या पार्श्वभूमीवर घ्यायचं आणि खालची बाजू फिकट राखीच ठेवायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग पानं टाकतो, तेव्हा हिरवा पट्टा उठून दिसतो आणि मातकट पट्टा हरवतो, पावसाळ्यानंतर उलटं. पंखांवरच्या खुणेबद्दल मात्र दर वेळी प्रश्न येतो. एका शेतकऱ्याने बराच वेळ बघून विचारलं, ‘‘काऊन जी, यावर आपला झेंडा नाही?’’ तेव्हा झेंडा आपला नव्हता. आणि त्या आघाडीवरच्या खुणेतला तांबडा रंगही काढून टाकलेला होता, जपानी विमानांच्या तांबड्या सूर्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. निळ्यात फिकट निळा एवढंच उरलं. शेतकऱ्याला हे पटलं. ‘‘मंग बरोबर हाये,’’ म्हणाला आणि बिडी पेटवली. बिडी मात्र पेट्रोलच्या डब्यापासून लांब न्यायला लावली.

उडवायचं कुठे, हा खरा कटकटीचा भाग. मोरव्याला धावपट्टी आहे, ती खऱ्या विमानांची. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे धानाच्या बांध्या. दर काही पावलांवर धुरा, चाक अडकलंच. वरोरा-भद्रावतीची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. शिवाय आयुधनिर्माणी, औष्णिक वीज केंद्र आणि त्याच्या उच्चदाबाच्या तारा, ताडोबा आणि त्याचं बफर क्षेत्र, हे सगळं वगळायचं. हवाई क्षेत्राच्या सरकारी नकाशावर लाल, पिवळा, हिरवा विभाग बघून, हिरव्यात ४०० फुटांच्या आत आणि डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरावर, असा नियम आहे आणि तो रास्त आहे. अठरा किलोंची वस्तू डोक्यावर पडली तर ती खेळणं नसते. मला सगळ्यात आवडतात शंकरपटाची मैदानं. बैलजोड्या धावायच्या म्हणून गावाने स्वतः सपाट केलेली, दगड वेचलेली, लांब आणि सरळ. पट आटोपला की सरपंचांना विचारून एक सकाळ मागून घेतो. इथे हरिकेनचा दुसरा गुण कामी येतो. त्याची चाकं बाहेर, एकमेकांपासून लांब आहेत, स्पिटफायरची जवळजवळ. खडबडीत जमिनीवर स्पिटफायर पंख टेकवतं, हरिकेन सांभाळून घेतं.

उड्डाणाला थ्रॉटल हळू द्यायचा. एकदम दिला की पंख्याच्या पिळाने विमान डावीकडे ओढलं जातं. उजवा रडर आधीच थोडा धरून ठेवायचा. शेपूट स्वतःहून वर येऊ द्यायचं, आपण उचलायचं नाही. उतरताना वेग सोडायचा मोह होतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा हवा समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त विरळ असते. पंख ज्या वेगाला हात टेकतो तो वेग पाच-सहा टक्क्यांनी वर सरकतो. हिवाळ्यात बसलेली सवय मे महिन्यात घात करते. म्हणून मी होळीनंतर हरिकेन बाहेर काढत नाही. लिपो बॅटऱ्याही त्या उन्हात फुगतात. आणि हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते दमट हवेतलं पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटरचा पातळ पडदा कडक करतं. दिवस संपला की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवतो.

गडचिरोलीत मी हे विमान नेत नाही. परवानगीचा प्रश्न आहेच, पण तो कागदाचा. ज्या गावांनी नक्षल संघर्षात वर्षानुवर्षं डोक्यावरचा आवाज ऐकून घरात शिरायचं की बाहेर यायचं हे ठरवलं, तिथे इंजिनाचा घरघराट आणि बंदुका रंगवलेले पंख घेऊन जाणं मला शोभत नाही. तिकडच्या आश्रमशाळांत मी हाताने फेकायची ग्लायडर घेऊन जातो. नाकात चिमूटभर माती लावली की ते कसं सरळ जातं, हे पोरांना दोन फेकींत कळतं. नंतर ती मातीसाठी भांडतात. लढाऊ विमानच का, असंही मला विचारतात. या विमानांत फाजील असं काही नसतं, म्हणून. आखणाऱ्याने एक किलोही उगाच ठेवलेला नाही, आणि तसं माणूस कसं करतो हे मला हातांनी शिकायचं आहे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी लढाऊ विमानाने करू नये. वर पंख असलेलं साधं ट्रेनर घ्यावं आणि दोन हिवाळे त्यावर काढावेत. कॉलेजात एनसीसीची हवाई शाखा असेल तर तिथे एरोमॉडेलिंग फुकट शिकवतात, ते सोडू नये. आणि जिल्ह्यातल्या संबंधितांना एक विनंती. चंद्रपूरभोवती उघड्या खाणींचे मातीचे ढिगारे आहेत, त्यांतले काही सपाट करून झाडं लावली जातात. त्यात वस्तीपासून आणि तारांपासून लांब, दीडशे मीटरची एक गवताळ पट्टी राखून ठेवा. नियमात बसणारी जागा मिळाली की पोरं नियमात उडवतील. रविवारी सकाळी तिथे काटा घेऊन मी हजर राहीन, शेपूट तोलून देईन. पैसे लागणार नाहीत.