बाहेरचा गव्हर्नर

बाल्टिमोरमध्ये नव्या माणसाला हमखास विचारतात, शाळा कुठली? कॉलेज नव्हे, हायस्कूल. आपल्याकडे आडनावावरून जो अंदाज बांधतात, तो इथे शाळेवरून बांधतात. मी ‘पुण्याची’ म्हटलं की समोरचा हसून हवापाण्यावर येतो.

१८ जानेवारी २०२३ला ॲनापोलिसमध्ये शपथ घेतलेल्या वेस मूरचीही तीच पंचाईत. आमच्या मेरीलँड राज्याचा हा गव्हर्नर, म्हणजे अधिकारांनी आपला मुख्यमंत्रीच, जन्मला वॉशिंग्टनलगतच्या टाकोमा पार्कमध्ये. तीन वर्षांचा असताना वडील गेले. जमैकाहून आलेल्या आईने मुलांना घेऊन न्यूयॉर्कमधलं ब्राँक्स गाठलं. पोरगा हाताबाहेर चाललाय असं दिसताच तिने त्याला पेनसिल्व्हेनियातल्या लष्करी शाळेत घातलं. बाल्टिमोरशी नातं जडलं ते पुढे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठामुळे. मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, अफगाणिस्तानात सैन्याची कामगिरी, बँकेतली नोकरी, न्यूयॉर्कमध्ये गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या रॉबिन हूड फाउंडेशनचं प्रमुखपद.

त्याला नाव मिळालं ते त्याने लिहिलेल्या २०१०च्या पुस्तकामुळे. त्याच्याच नावाचा बाल्टिमोरचा दुसरा वेस मूर खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतोय. दोघांच्या वाटा कुठे फुटल्या, याची ती गोष्ट. त्यातून हाही बाल्टिमोरचाच, असा समज पसरला आणि प्रचारात त्यावरून वाद पेटला. माझे शेजारी तर अजून म्हणतात, ‘तो आपला नाही.’ मत मात्र त्यांनी त्यालाच दिलं. राज्यभरात त्याला ६४ टक्क्यांहून अधिक मतं पडली. तो मेरीलँडचा पहिला कृष्णवर्णीय गव्हर्नर, आणि निवडून आलेला देशातला फक्त तिसरा.

याआधी त्याने एकही निवडणूक जिंकलेली नव्हती. पंचायत समितीपासून पायऱ्या मोजत चढणारे पुढारी पाहिलेल्या मला याचं नवल वाटतं. पायऱ्या चढून आली ती त्याची लेफ्टनंट गव्हर्नर, अरुणा मिलर. हैदराबादेत जन्मलेली, सात वर्षांची असताना अमेरिकेत आलेली. व्यवसायाने वाहतूक अभियंता, पुढे राज्याच्या विधिमंडळात आमदार. तिने गीतेवर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला. पण शपथेपेक्षा तिचं अभियंतापण मला मोलाचं वाटतं, कारण इथे अडलंय ते वाहतुकीतच.

शहराला पूर्व-पश्चिम जोडणारी ‘रेड लाइन’ रेल्वे आधीच्या गव्हर्नरने २०१५मध्ये रद्द केली. केंद्राचे ९० कोटी डॉलर त्यापायी हातचे गेले. सर्वाधिक झळ बसली ती पश्चिम बाल्टिमोरच्या कृष्णवर्णीय वस्त्यांना. मूरने ती पुन्हा उभारायचं वचन दिलंय. रेल्वे आलीच, तर त्याला ‘बाहेरचा’ म्हणणारे माझे शेजारीही तिच्यात बसतील. नाही आली, तर त्याची जीवनकथा पुढच्या निवडणुकीत कितीही रंगवून सांगितली, तरी बसची वाट पाहत ताटकळलेल्या माणसाला ती ऐकवणार नाही.