दोघांची साक्ष

एखादी गोष्ट किती जणांनी सांगितली म्हणजे ती खरी मानावी? हा प्रश्न कोर्टातला, अशी माझी समजूत. पण ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीतल्या अभियंत्यांनी आपल्या 'डायनॅमो' नावाच्या साठवणयंत्रणेविषयी २००७ साली लिहिलेला निबंध हाती आला आणि पाहतो तो काय, ही मंडळीही याच प्रश्नाशी झटत होती!

गिऱ्हाइकाची नोंद ते एकाच संगणकावर ठेवीत नसत. यंत्रे बिचारी आपल्यासारखीच. कधी आजारी पडतात, कधी हाकेला ओ देत नाहीत. म्हणून प्रत्येक नोंदीच्या सहसा तीन प्रती तीन यंत्रांवर ठेवायच्या. आता तिघांपैकी किती जणांनी 'लिहून घेतले' म्हटले म्हणजे काम झाले समजायचे? आणि पुढे वाचताना किती जणांना विचारायचे?

तिघांसाठीही अडून बसावे, तर एक गप्प बसताच सारे खोळंबते. एकावरच विसंबावे, तर काम झटपट होते. पण वाचताना नेमकी जुनी प्रत जवळ असलेल्यालाच विचारले गेले तर? म्हणून पुष्कळदा दोघांनी लिहायचे आणि दोघांना विचारायचे, असा तिथे रिवाज होता. दोन आणि दोन चार, आणि चार तिनाहून मोठे. तिन्ही यंत्रे जागेवर असली, की विचारलेल्या दोघांत ताजी नोंद असलेला एक तरी सापडतोच. हा हिशेब डेव्हिड गिफर्ड यांनी १९७९ सालीच मांडला होता.

मला गंमत वाटली ती खरेदीच्या टोपलीची. गिऱ्हाइकाने टोपलीत टाकलेली वस्तू काही झाले तरी नाकारायची नाही, असा त्यांचा बाणा. दोन प्रतींत मतभेद झाला तर दोन्ही टोपल्या एकत्र करायच्या. त्यामुळे टाकलेली वस्तू हरवत नसे. मात्र काढून टाकलेली एखादी वस्तू पुन्हा टोपलीत अवतरे! चूक व्हायचीच असेल तर ती कोणत्या बाजूला व्हावी, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते.

दिवाळीच्या फराळाचे आमंत्रण आमच्या घरी याच न्यायाने चालते. घरातल्या कुणीही एकाने बोलावले, की पाहुणा पक्का. दोन माणसे जास्त आली तर बिघडले कुठे?

आईच्या औषधांना मात्र हा न्याय चालत नाही. बंद केलेली गोळी पुन्हा अवतरली तर? तिची यादी आम्हा तिघा भावंडांकडे असते. डॉक्टरांनी काही बदलले, की निदान दोघांनी ते तारखेसह लिहून घ्यायचे. आणि गोळी देणाऱ्याने आपल्या यादीबरोबर आणखी एकाची यादी ताडून पाहायची.

याला कुणी संशयी स्वभाव म्हणेल. मला वाटते, माणसावर विश्वास किती टाकावा हे ठरवण्याआधी हाती गोष्ट कोणती आहे, हे पाहावे. फोनाफोनी चालू असताना आई पाण्याचा पेला हातात धरून बसते आणि वैतागून म्हणते, "अरे, माझी गोळी म्हणजे काय पंचायतीचा ठराव आहे?"

आहे, आई. आणि तो बहुमतानेच पास व्हायला हवा.