ओढाळ खंड्या

‘ओढाळ’ हा शब्द आपल्या भाषेंत गुरांसाठीं आहे. दुसऱ्याच्या शेताकडे धांव घेणाऱ्या गुराला ओढाळ म्हणतात आणि त्याच्या गळ्यांत लोढणें अडकवितात. कुत्र्याला हें विशेषण लावण्याचा प्रसंग पूर्वीं फारसा येत नसे. कारण आपल्याकडील कुत्रा बहुधा मोकळाच असे. ओट्याखालीं पडावें, उरलेली भाकरी खावी, रात्रीं भुंकावें, एवढाच त्याचा संसार. पट्टा बांधून त्याला सकाळ-संध्याकाळ फिरावयास न्यावें, ही रीत शहरी राहणीबरोबर आली. आणि दोरीच्या एका टोकाला ओढणारा कुत्रा व दुसऱ्या टोकाला ओढला जाणारा मनुष्य, हें दृश्यही तिच्याबरोबरच आलें. आमच्या घरीं या दृश्याचा जो अनुभव आला, तो एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांना उपयोगी पडेल असें वाटल्यावरून लिहीत आहें.

जळगांव हें केळीं, कापूस आणि डाळीच्या गिरण्या यांचें शहर. माझ्या पुतण्याचें येथें कडधान्याचें लहानसें गोदाम आहे. आणि जेथें तुरीचीं पोतीं, तेथें उंदीर हे ठरलेलेच. उंदरांसाठीं झिंक फॉस्फाइडचें आमिष ठेवतात. पण धान्याच्या शेजारीं विष ही गोष्ट पुतण्याच्या मनाला पटेना. म्हणून त्यानें एका मित्राकडून टेरिअर जातीचें तीन महिन्यांचें पिल्लू आणलें आणि गोदामांतील विष कायमचें बंद केलें. तें आवश्यकच होतें. कारण विष खाल्लेला उंदीर कुत्र्याच्या पोटांत गेला, तर कुत्र्यालाही बाधा होते. उंदरांच्या मुतापासून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाची लसही पशुवैद्यांनीं त्याला टोंचली. पिल्लाचें नांव ठेवलें खंड्या.

‘टेरिअर’ हा शब्द लॅटिन ‘टेरा’ म्हणजे भूमि यावरून आला आहे. जमिनींत शिरून कोल्ह्याला बाहेर काढणें, उंदीर-घुशी मारणें, हा या कुत्र्यांचा पिढीजात व्यवसाय. डेव्हन परगण्यांतील पाद्री जॉन रसेल (१७९५–१८८३) यांनीं १८१९ सालीं, ऑक्सफर्ड येथें विद्यार्थी असतांना, एका दूधवाल्याकडून ‘ट्रंप’ नांवाची कुत्री विकत घेतली. तिच्या वंशापासून निघालेल्या जातीला पुढें त्यांचेंच नांव मिळालें. बिळांत धनी बरोबर नसतो. आंत पुढें जावें कीं मागें फिरावें, हें कुत्र्यानें स्वतःच ठरवावयाचें असतें. तेव्हां हट्ट, चपळाई आणि समोरच्याच्या दांतांना न भिणें, हे गुण माणसानेंच पिढ्यान्‌पिढ्या निवडून त्याच्या अंगीं आणले आहेत. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांवर भोंग्यापुढें मान कलती करून बसलेला जो कुत्रा आपण पाहतों, तो ‘निपर’ही टेरिअरच्याच रक्ताचा. फ्रान्सिस बरो यांनीं त्याचें तें चित्र १८९८ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं पुरें केलें. चित्रांतला तो शांतपणा पाहून कोणी टेरिअर घरीं आणील, तर त्यानें आमच्या खंड्याची हकीकत आधीं ऐकावी.

वर्षाचा होईपर्यंत खंड्या घरादाराचा लाडका होता. गोदामांतील उंदीर त्यानें दोन महिन्यांत हुसकून लावले. पण गुढीपाडव्याच्या सुमारास त्याचा नूर पालटला. सात किलो वजनाचा जीव, पण पट्टा बांधला कीं गाड्याला जुंपलेल्या खोंडासारखा ओढूं लागला. रस्त्यावरचा कुत्रा दिसला कीं अंग ताठ, नजर खिळलेली, आणि लगेच झेप! एके दिवशीं मेहरूण तलावाच्या कांठीं पुतण्याची दहा वर्षांची मुलगी मुक्ता त्याला घेऊन गेली असतां त्यानें असा हिसका दिला कीं ती गुडघ्यांवर पडली, दोरी सुटली, आणि दोन कुत्र्यांची झुंज सोडवितांना पुतण्याचा हात थोडक्यांत बचावला. त्या रात्रीं दादांनीं, म्हणजे माझ्या वडील बंधूंनीं, निकाल दिला : “दिवाळीपर्यंत हा सुधारला नाहीं, तर ज्याचा त्याला परत. घरांत लहान मुलें आहेत.” दादांचें म्हणणें खोटें नव्हतें. मुक्ता मात्र त्या रात्रीं जेवली नाहीं.

मी सेवानिवृत्त, घरांत सर्वांत मोकळा वेळ माझ्याजवळ. तेव्हां हें काम मजकडे आलें. प्रथम मीं आठ दिवस नुसतें पाहिलें. दादा दोरी आंखडून धरीत. वहिनी तो भुंकला कीं पोळीचा तुकडा टाकून गप्प करीत. पुतण्या त्याच्याबरोबर धांवत सुटे. मुक्ता तो नेईल तिकडे जाई. गोदामांतील हमाल काठी आपटून दरडावी. एका घरांत पांच कायदे! त्या मुक्या प्राण्यानें कोणता पाळावा?

१८९८ सालीं थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें पेटींत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, ज्या कृतीचा शेवट मनासारखा होतो, ती कृति प्राणी पुन्हा पुन्हा करतो. ओढणाऱ्या कुत्र्याचें सारें रहस्य यांत आहे. तो ओढतो, कारण ओढल्यानें तो हव्या त्या खांबापर्यंत पोंचतो. म्हणून आमच्या घरीं एकच कायदा झाला : दोरी ताठ झाली कीं माणसानें झाडासारखें उभें राहावें, सैल झाली कीं चालूं लागावें. हिसका द्यावयाचा नाहीं, ओरडावयाचें नाहीं. तो आपण होऊन पायाशीं आला कीं तेथेंच चण्याएवढा पनीराचा तुकडा द्यावयाचा. गळपट्ट्यानें श्वासनलिका दाबली जाते, म्हणून पुढच्या बाजूस कडी असलेला छातीपट्टा आणला. त्यामुळें ओढूं लागला कीं तो आपोआप आपल्याकडे वळतो. मनुका, बेदाणे आणि कांदा हे पदार्थ कुत्र्याला विषासारखे आहेत, हेंही स्वयंपाकघरांत सर्वांना बजावून ठेवलें.

पहिल्या दिवशीं घरापासून कोपऱ्यापर्यंत जावयास पंचवीस मिनिटें लागलीं, आणि शेजारीपाजारी गच्चींतून पाहत होते. मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, डांबर भाजून काढतें. म्हणून पहांटे पांचला निघत असूं. पाठचा हात रस्त्यावर पांच-सात सेकंद ठेववला नाहीं, तर कुत्र्याचे तळवेही तेथें टिकत नाहींत. शिवाय अंगणाच्या कोपऱ्यांत माती भुसभुशीत करून तींत भाकरीचे तुकडे पुरून ठेवूं लागलों. उकरणें हा ज्याचा कुळाचार, त्याला उकरावयास हक्काची जागा दिली कीं अर्धी बेचैनी तेथेंच जिरते. तीन आठवड्यांनीं दोरी बहुतेक वेळ सैल राहूं लागली.

कुत्र्यांवर धांवून जाण्याचें दुखणें मात्र याहून खोल होतें. अमेरिकेंतील स्कॉट व फुलर यांनीं पांच जातींच्या कुत्र्यांचा दीर्घकाळ अभ्यास करून १९६५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या अभ्यासांत फॉक्स टेरिअरचीं भावंडें लहानपणींच आपसांत इतकीं भांडत कीं त्यांना वेगळें ठेवावें लागे. म्हणजे कांहीं भाग जन्माचाच. दुखणारा कान किंवा दांतही कुत्र्याला चिडखोर करतो, म्हणून आधीं पशुवैद्यांकडून तपासून घेतलें. शरीरांत कांहीं दोष निघाला नाहीं. रस्त्यावरचे कुत्रे तर राहणारच. २०२३ सालच्या केंद्रीय नियमांनींही निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळच्या भागांत परत सोडण्याची रीत घालून दिली. तेव्हां शिकावयाचें तें खंड्यानेंच.

दुसरा कुत्रा दिसतांच आपण घाबरून दोरी आंवळतों. ती ताठ दोरीच त्याला सांगते कीं संकट आलें. शिवाय बांधलेल्या प्राण्याला पळून जाण्याची वाट नसते, म्हणून तो आधींच अंगावर जातो. यावर उपाय अंतराचा. जेवढ्या दुरून दुसरा कुत्रा दिसला तरी खंड्या खाऊं शकतो, तेवढ्या अंतरावर थांबावयाचें. त्यानें कुत्र्याकडे पाहिलें कीं तुकडा. पुन्हा पाहिलें कीं पुन्हा तुकडा. कान ताठले, तोंड मिटलें, कीं मुकाट्यानें पाठ फिरवून निघावयाचें. आरंभीं हें अंतर शंभर पावलें होतें. श्रावणापर्यंत तीस झालें. तो गुरगुरला तर रागवावयाचें नाहीं. गुरगुरणें ही सूचना आहे; ती मारून बंद केली, तर पुढें सूचनेवांचून दांत लागतात.

शेतकरी नवा खोंड औताला धरतांना त्याला मुरब्बी बैलाबरोबर जुंपतात. त्या न्यायानें भाद्रपदांत एरंडोल-पारोळ्याच्या वाटेनें आम्ही धुळ्याला माझ्या बहिणीकडे गेलों. तिचा कुत्रा बारा वर्षांचा, संथ. पांझरेच्या कांठानें बहीण एका बाजूला तिच्या म्हाताऱ्याला घेऊन, मी दुसऱ्या बाजूला खंड्याला घेऊन, मध्यें तीस पावलें सोडून, एकाच दिशेनें चालत असूं. खंड्याला मुसकेंही चढविलें होतें. जाळीचें, म्हणजे श्वास घेतां येईल आणि पाणी पितां येईल असें. मळणीच्या बैलाला मुसकें बांधतात तें शिक्षा म्हणून नव्हे, तसेंच हें. पांच दिवसांत मधलें अंतर आठ पावलांवर आलें. म्हाताऱ्यानें एकदांही त्याच्याकडे वळून पाहिलें नाहीं, आणि ही बेपर्वाईच खंड्याला सर्वांत उपयोगी पडली.

दिवाळी जवळ आली. एका संध्याकाळीं फटाक्यांनीं बिथरून खंड्या दारांतून जाणाऱ्या कुत्र्यावर पुन्हा झेपावला. दादांनीं काठी उचलली. वहिनी तेव्हां ओसरीवर महाभारत वाचीत होत्या. त्या शांतपणें म्हणाल्या, “अहो, या ग्रंथाच्या आरंभींच कुत्र्याला मारल्याची कथा आहे. जनमेजयाच्या भावांनीं यज्ञाच्या ठिकाणीं आलेल्या सरमेच्या पोराला मारलें. त्यानें हविर्द्रव्याला तोंड लावलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंही नव्हतें. सरमेनें राजाला विचारलें, माझ्या मुलाचा अपराध काय? कोणाला उत्तर देतां आलें नाहीं. मग तिनें शाप दिला कीं तुला अकल्पित भय प्राप्त होईल. आणि शेवटीं स्वर्गाच्या दाराशीं धर्मराज अडून बसतो, तोही कुत्र्यासाठींच. याचा अपराध काय, तें आधीं ठरवा; मग काठी उचला.” दादा कांहीं बोलले नाहींत. काठी कोपऱ्यांत गेली. दुसऱ्या दिवशीं पहांटे पांचला ते स्वतः छातीपट्टा घेऊन माझ्या खोलीच्या दाराशीं उभे होते.

खंड्या घरीं राहिला. तो साधु झाला, असें मात्र कोणीं समजूं नये. अनोळखी कुत्र्यांत त्याला आम्ही मोकळा सोडीत नाहीं, आणि बहुधा कधींच सोडणार नाहीं. मुक्ता त्याला फिरविते ती मोठ्या माणसाबरोबर. झुंज लागलीच तर मध्यें हात घालावयाचा नाहीं, हें मुलांनाही शिकविलें आहे. त्याला रेबीजची लस दरवर्षीं टोंचावयाची. आणि कोणत्याही कुत्र्याचा दांत लागला, तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावयाचा, हें घरांत सर्वांस पाठ आहे.

या उद्योगांत कुत्र्याला जेवढें शिकवावें लागलें, त्याहून अधिक श्रम घरांतील माणसांचें एकमत करण्यास पडले. एकत्र कुटुंबांतील मूल आजीकडे एक नियम मोडतें, काकांकडे दुसरा, आणि मग आपण त्याला हट्टी म्हणतों. कुत्र्याचें तसेंच आहे. ज्या घरांत दोरीच्या या टोकाला एकच रीत असते, तेथें दुसऱ्या टोकाचा ताण निम्मा होतो. उरलेला निम्मा त्याच्या जातीचा असतो, आणि तेवढा आपण सोसावयाचा असतो.