साझ मिळाले नाहीत तर

ऑगस्टच्या अखेरीस इकडे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलोऱ्यांची, तोडणी सुरू होते आणि सप्टेंबरभर चालते. देशातले बहुतेक सगळे हॉप्स वॉशिंग्टन, ओरेगन आणि आयडाहो या तीन राज्यांत पिकतात. हॉप्सचं रसायन हा माझा विषय, त्यामुळे नवा माल बाजारात आला की घरी बिअर करणारे मित्र विचारू लागतात: कृतीत एक वाण लिहिलंय, दुकानात दुसरंच आहे, तर किती घालू? (१९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे इथे घरच्यापुरती बिअर करायला मुभा आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती करता येत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.)

हॉप्सच्या मादी फुलोऱ्यात, पाकळ्यांच्या बुडाशी, ल्युपुलिन नावाची चिकट पिवळी पूड असते. तिच्यात अल्फा आम्लं असतात आणि सुगंधी तेलंही. अल्फा आम्लं मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. माल्टच्या काढ्यात, म्हणजे वॉर्टमध्ये, ती उकळली की त्यांची रचना बदलते, ती विरघळतात आणि बिअर कडू होते. तासभर उकळूनही घरगुती भांड्यात त्यांचा जेमतेम पाव हिस्सा कामी येतो. तेलांचं नेमकं उलटं, उकळीत ती वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडूपणासाठीचे हॉप्स सुरुवातीला घालतात आणि वासासाठीचे शेवटी.

पाकिटावर अल्फाची टक्केवारी छापलेली असते. कृतीतले ग्रॅम गुणिले जुन्या वाणाचा अल्फा, भागिले नव्याचा अल्फा, हा सर्वांना ठाऊक असलेला हिशेब. कृतीत साझ या वाणाचे ३.५ टक्क्यांचे ८० ग्रॅम हॉप्स तासभर उकळायला सांगितले असतील आणि हाताशी १२ टक्क्यांचं मॅग्नम असेल, तर २३ ग्रॅम पुरतात. तासभराच्या उकळीसाठी हा हिशेब चोख आहे. शिवाय पालापाचोळा कमी झाल्याने भांड्याच्या तळाशी गाळात अडकून वाया जाणारा वॉर्टही कमी होतो. मात्र आकडा पाकिटावरचाच घ्यावा, पुस्तकातला नव्हे. १९७२ साली ओरेगनमधून बाहेर पडलेलं कॅस्केड घ्या. एका हंगामात त्याचा अल्फा ५ भरतो, दुसऱ्या हंगामात ७. म्हणजे वाण न बदलताही ग्रॅम बदलावे लागतात. उघडं पाकीट उबेत राहिलं तर अल्फा आणखी उतरतो. हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवणं हाच उपाय.

खरी गडबड होते ती शेवटच्या दहा मिनिटांत. तिथेही लोक तेच सूत्र लावतात आणि बिअर मुकी होते. स्वयंपाकघरात याचा जोड सापडतो: ब्याडगी मिरची संपली म्हणून तिखटपणा मोजून त्या मापाने लवंगी घातली, तर रस्सा तेवढाच तिखट होईल, पण त्याचा रंग गेलेला असेल. शेवटी घातलेल्या हॉप्सकडून आपल्याला कडूपणा हवाच नसतो, तो फुकट मिळतो. तिथे माप धरायचं ते तेलाचं आणि वासाच्या जातीचं.

पेल एल या बिअरच्या २० लिटरच्या बॅचचं उदाहरण घेते. कृतीत उकळीच्या शेवटच्या १० मिनिटांसाठी ५.५ टक्क्यांचं ३० ग्रॅम कॅस्केड आहे आणि मिळालंय १३ टक्क्यांचं चिनूक. अल्फाच्या सूत्राने १३ ग्रॅमही भरत नाहीत. पण चिनूकमधलं तेल कॅस्केडच्या अडीचपट नसतं, साधारण दीड ते पावणेदोनपट असतं. म्हणून मी २० ग्रॅम घालते. त्याने कडूपणा चारेक आयबीयूने वाढतो (एक आयबीयू म्हणजे लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम कडू द्रव्य). ही वाढ तिथल्या तिथे दाबायची नाही, ती तासभराच्या हॉप्समधून वळती करायची. २० लिटरच्या बॅचमध्ये एक ग्रॅम मॅग्नम तासाभरात सुमारे १.४ आयबीयू देतं, म्हणजे ते ३ ग्रॅम कमी केलं की जमलं. वास मात्र द्राक्षफळाकडून चिडाच्या राळेकडे झुकेल. ते कोणत्याही गणिताने टळत नाही आणि पेल एलला ते शोभतंही.

गॅस बंद केल्यावर घातलेल्या हॉप्समुळेही थोडा कडूपणा येतो, कारण वॉर्ट ८० अंशांच्या वर असेतो अल्फा आम्लांची रचना बदलण्याची क्रिया मंद गतीने चालूच असते. थंड बिअरमध्ये भिजवताना मात्र अल्फाकडे बघूच नये.

आता पिल्सनर. १८४२ साली योसेफ ग्रोल यांनी प्लझेनमध्ये ती प्रथम उतरवली, तेव्हापासून तिचा वास म्हणजे साझचा वास: मसालेदार, गवताळ, सौम्य. इथे साझच्या जागी वेगळ्या वासाचं सिट्रा चालत नाही, मग हिशेब कितीही बिनचूक असो. अशा वेळी मी आधी घराणं बघते. जर्मनीतले टेटनांग आणि श्पाल्ट हे साझचेच भाऊबंद. साझचं ठळक लक्षण असलेलं फार्नेसीन हे तेल त्यांच्यातही असतं. अल्फा जवळपास सारखा असल्याने वजन जवळजवळ बदलावं लागत नाही. अमेरिकेत टेटनांग म्हणून विकला जाणारा वाण मात्र इंग्लंडच्या फगल या वाणाला अधिक जवळचा आहे, तेव्हा पाकिटावर देश बघावा. आणि यातलं काहीच मिळालं नाही, तर स्टर्लिंग हे वाण घ्यावं. साझ त्याच्या वंशात आहे, फार्नेसीनही आहे. शेवटच्या १० मिनिटांच्या ४० ग्रॅम साझऐवजी मी स्टर्लिंग २५ ग्रॅम घेते आणि तासभराच्या मॅग्नममधून दीड ग्रॅम काढते.